आयुध पूजेत धुतलेल्या कॉइली

आयुध पूजेच्या सकाळी मी कामाला पोचले तेव्हा मला क्षणभर वाटलं, आपण शेजारच्या गेटातून आत आलो. चेन्नईच्या गिंडी औद्योगिक वसाहतीतला आमचा शेड वर्षभर तेलकट असतो. चपला जमिनीला चिकटतात, भिंतीला हात लावला तर रुमाल काळा होतो. त्या दिवशी जमीन सोड्याने घासून पुसली होती, सगळ्या यंत्रांना हिरवा रंग मारला होता आणि प्रत्येकाच्या कपाळी चंदनाची तीन बोटं आणि कुंकू होतं. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चुरमुरे आणि डाळ्यांच्या पुड्या. दाराशी कुंकू भरलेला कोहळा फोडायला तयार होता.

मला हे सगळं जवळचं वाटतं त्याला कारण आहे. मी बार्शीची. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायला होते. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुध पूजेलाच, ते मला सोबत न्यायचे, आणि ओल्या झेंडूचा आणि डिझेलचा एकत्र वास म्हणजे सण, असं माझ्या डोक्यात लहानपणीच बसलं. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. लग्नानंतर चेन्नईला आले, नवरा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. मला इंग्रजी लिहिता यायचं पण बोलताना घाम फुटायचा. तीन ठिकाणी मुलाखतीत गप्प बसून परत आले. चौथ्या ठिकाणी, मालकांच्या खोलीबाहेर थांबले असताना, आईचा फोन आला म्हणून मी मराठीत बोलले, आणि आतून आवाज आला, "कोण गे तिथे मराठी बोलते?"

मालकांचं घराणं तंजावरचं. किती पिढ्यांपूर्वी तिथे आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांची मराठी जुनी, आणि चाल तमिळ. वाक्य शेवटी वर उचललं जातं. त्यांनी माझी मुलाखत त्या मराठीत घेतली. "मज सर म्हणूं नको, मामा म्हण," असं पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते अम्मा म्हणतात. इथे लहान मुलीलाही अम्मा म्हणतात. इंग्रजी त्यांनीच माझ्याकडून बोलवून बोलवून घेतलं. त्या माणसाचं माझ्यावर किती ऋण आहे हे मी कुठे मांडून ठेवलेलं नाही, पण मला माहीत आहे.

आमचा कारखाना बोल्ट बनवतो. पोलादाची जाड तार गुंडाळ्यांमध्ये येते, त्याला सगळे कॉइल म्हणतात. ती कापायची, ठोकायची, आटे पाडायचे, भट्टीत तापवून कडक करायची. अर्धा माल इथल्याच मोटारींच्या भागांच्या कारखान्यांना, इरुंगाट्टुकोट्टैकडे जातो. उरलेला अर्धा जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला. ह्या जर्मन अर्ध्यावर आमची दुसरी पाळी चालते. दुसऱ्या पाळीत जास्त करून बायका, बोल्ट निवडायला आणि भरायला. दुपारी येतात, रात्री कंपनीच्या गाडीने घरी जातात.

युरोपने एक कायदा केला आहे, आणि मला नोकरीत कायम केलं ते त्याची कागदपत्रं सांभाळायलाच. लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं असलं काही बाहेरून आणायचं, तर ते बनवताना किती कर्बवायू हवेत गेला ते आयात करणाऱ्याने सांगायचं, आणि त्या प्रमाणात पैसे भरायचे. त्यांच्या कारखान्यांना हा भार आहे, मग बाहेरच्यांनी का सुटावं, असा त्यामागचा विचार. सुरुवातीला नुसती माहिती मागत होते. आता पैशांची गोष्ट आली. आमचे बोल्ट त्यात बसतात. खरी माहिती देता आली नाही तर तिथल्या सरकारने ठरवून दिलेला आकडा धरतात, आणि तो असा चढा असतो की गिऱ्हाइकाला आमचा बोल्ट परवडू नये.

आता बोल्टमधला आमचा धूर थोडा. बराचसा धूर तारेतच असतो, म्हणजे ती ज्या पोलाद कारखान्यातून येते तिथला. आम्ही दोन ठिकाणांहून तार घेतो. एक कारखाना खनिज आणि कोळशावर चालतो, दुसरा भंगार विजेच्या भट्टीत वितळवतो. दुसऱ्याचा आकडा पुष्कळ कमी. जर्मन गिऱ्हाइकाशी ठरलं होतं की त्यांचे बोल्ट फक्त ह्या दुसऱ्या तारेचे. प्रत्येक कॉइलला पत्र्याचा टॅग बांधलेला येतो. त्यावर कारखान्याचं नाव आणि भट्टीतून निघालेल्या त्या त्या घाण्याचा क्रमांक. तो क्रमांक म्हणजे कॉइलची जन्मखूण.

पूजा झाली. मामांनी प्रत्येक यंत्रासमोर कापूर फिरवला. शेवटी हिशेबाच्या वह्या आणि कॉम्प्युटर. आयुध पूजेच्याच दिवशी सरस्वतीपूजा असते, आणि पूजेत ठेवलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडायचं नाही. माझ्या लॅपटॉपवर चंदनाचं बोट होतं, वर एक फूल. मी हात जोडले. तेवढ्यात फोन थरथरला.

जर्मनीच्या बाईंची मेल होती. त्या गिऱ्हाइकाच्या कंपनीत खरेदी बघतात. पत्रं थोडक्यात लिहितात, पण उद्धट नसतात. पुढच्या मालासाठी ज्या कॉइली वापरणार, त्या प्रत्येकीच्या टॅगचा फोटो हवा. त्यांच्याकडे तपासणी कडक झाली आहे. आठवडा संपायच्या आत.

मला उलट बरंच वाटलं. फोटो म्हणजे सोपं काम. लॅपटॉप उघडायचा नव्हता, पण फोनला कुणी कुंकू लावलं नव्हतं. चुरमुऱ्यांची पुडी हातात घेऊन मी स्टोअरकडे गेले.

कॉइली अशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. घासून, तेलाचा हात फिरवून, रांगेत. प्रत्येकीवर चंदन, कुंकू. स्टोअरचे अण्णा बाजूला स्टुलावर बसून घाम पुसत होते. नेसलेली पांढरी वेष्टी, नवा शर्ट. आम्ही तमिळमध्ये बोलतो. माझं तमिळ बाजारापुरतं, पण अण्णांशी चालतं.

"अण्णा, टॅग कुठे आहेत?"

"कसले टॅग, मॅडम?"

"कॉइलींचे. पत्र्याचे. तारेने बांधलेले."

"अच्छा, ते. गंजून काळे झाले होते. पूजेला तसेच ठेवायचे?"

"कुठे ठेवलेत?"

"ठेवू कशाला? काल संध्याकाळी भंगारवाला येऊन गेला. जुनं सगळं पूजेच्या आधी बाहेर गेलं पाहिजे ना."

मी चुरमुऱ्यांची पुडी कॉइलीवर ठेवली. "दोन कारखान्यांच्या कॉइली वेगळ्या होत्या, अण्णा. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक."

"आता जाडीप्रमाणे लावल्या. बघा की, आठची इकडे, दहाची तिकडे. आधी कशा वेड्यावाकड्या पडल्या होत्या." त्यांचा चेहरा आता जरा बदलला. "मघाशी दारातून तुम्हीच म्हणालात, सूपर, अण्णा."

म्हणाले होते खरी.

मामांना सांगायला गेले तेव्हा ते कोहळा फोडून आत येत होते. हातावर कुंकवाचं पाणी. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ हात तसाच वर धरून ठेवला, कपड्याला लागू नये म्हणून.

"आज कांहीं करूं नये, अम्मा," ते म्हणाले. "आज आयुधांस विश्रांती. उद्यां सकाळी पाहूं."

"मामा, आठवडा संपायच्या आत पाहिजे."

"सरी, ठीक. उद्यां पाहूं म्हटलें ना."

ते तसं म्हणाले, पण घरी गेले नाहीत. सगळे गेल्यावरही स्टोअरच्या दारात उभे होते. मी निघताना पाहिलं.

संध्याकाळी वेळच्चेरीतल्या आमच्या घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पूजेच्या गोड पोंगलाची वाटी घेऊन बसला होता.

"आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीला लिंबूमिरची बांधलीय," तो म्हणाला. "काही झालं की सर्व्हरचा दोष, लिंबाचा नाही. तुमच्याकडे उलटं झालं."

"चेष्टा नको. काम गेलं तर दुसरी पाळी बंद होईल."

"आणि तुझी नोकरी?"

त्याने ते सहज विचारलं. मी ते स्वतःला विचारलं नव्हतं. मी ज्या कामासाठी तिथे होते ते कामच नसेल तर मी कशाला? मग मला स्वतःचीच लाज वाटली, कारण पाळीचं बोललेली मी लगेच पाळीतल्या बायका विसरून स्वतःचाच विचार करत होते.

विजयादशमीच्या सकाळी, लॅपटॉपवरचं फूल उचलायच्याही आधी, अण्णा दारात उभे. हातात सिमेंटची रिकामी पिशवी. ती त्यांनी माझ्या टेबलावर उलटी केली. टॅग. गंजलेले, काही वाकलेले, पण क्रमांक वाचता येत होते.

"भंगारवाल्याच्या घरी गेलो," अण्णा म्हणाले. "त्याचा तराजूही पूजेत होता, म्हणून काल वजन केलं नव्हतं. सगळे आहेत, मॅडम. मोजले."

मला हसू आलं आणि रडूही. टॅग सगळे होते. पण कोणता टॅग कोणत्या कॉइलीचा, ते टॅगलाही माहीत नव्हतं आणि कॉइलीलाही.

आमचे सुपरवायझर, जे एरवी फार बोलत नाहीत, पिशवीकडे बघून मामांना म्हणाले, "सर, बांधून टाकू. टॅग खरे, कॉइली खऱ्या. फोटो खरा. जर्मनीहून कोण येतंय बघायला?"

"दोन्ही कारखान्यांची तार सरमिसळ झालीय," मी म्हणाले.

"मग तपासून घेऊ. गल्लीत लॅब आहे."

हे मात्र खरं होतं. भंगारापासून केलेल्या पोलादात तांबं थोडं जास्त राहतं. प्रत्येक कॉइलीचा तुकडा कापून तपासला तर कोणती कोणत्या कारखान्याची हे बहुतेक कळलं असतं. त्या दिवशी आम्ही तुकडे कापलेही. लॅबच्या मुलाने संध्याकाळी आकडे दिले, आणि कॉइली अगदी नीट दोन भागांत पडल्या. अण्णांनी कोपऱ्यातल्या गणपतीला नमस्कार केला.

पण कारखाना कळला तरी घाण्याचा क्रमांक कळत नव्हता. एकाच कारखान्याच्या बारा कॉइली आणि त्यांचे बारा टॅग, जुळवणार कसे? डोळे मिटून बांधायचे? बाईंनी क्रमांक मागितला होता. त्या क्रमांकाला पोलाद कारखान्याचा दाखला जोडलेला असतो, आणि तो दाखला त्यांच्या सरकारकडे जातो. बहुतेक कुणी विचारलं नसतं. कदाचित कधीच नाही.

मामांनी दार लावून घेतलं. खोलीत आम्ही चौघं: मामा, सुपरवायझर, अण्णा आणि मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तूं सांग, अम्मा. काय करावें?"

मला वाटलं नव्हतं ते मला विचारतील. मी काय बोलावं? त्या कारखान्यात माझ्या वयाइतकी वर्षं काम केलेली माणसं होती. मी म्हणाले, "मामा, खरं सांगू या. टॅग निघाले, असं. पुढचं त्या ठरवतील."

"आणि त्यांनी नाहीं म्हटलें तर?"

"तर..."

सुपरवायझर म्हणाले, "सर, मॅडम चांगल्या आहेत. पण चांगुलपणाने पाळी चालत नाही."

मामा थोडं हसले. म्हणाले, "मीही कांहीं देवमाणूस नव्हे. पण एकदां असा फोटो पाठवला तर पुढच्या वेळीं तिथून कोण येईल, काय विचारील, याची भीती मज रोज. या वयांत आतां एवढी भीती सोसत नाहीं. एकदांच भिऊं या." मग माझ्याकडे वळून: "लाव तो व्हिडिओ कॉल."

जर्मनीच्या बाईंना आधी काही कळेना. मामांनी इंग्रजीत समजावलं. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या मास्तरांसारखं स्वच्छ आहे. वर्षातून एकदा आम्ही यंत्रांची पूजा करतो, सगळं स्वच्छ करतो, त्यात टॅग निघाले. कारखाना तपासून सांगू शकतो, क्रमांक सांगू शकत नाही.

बाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे देवासाठी तुम्ही लेबलं काढलीत?"

"यंत्रांसाठी, मॅडम. देवाला लेबल चालतं."

त्या हसल्या नाहीत. "विजेच्या मीटरचे आकडे? ते तरी धुतले नाहीत ना?"

"मीटर वीज मंडळाचं आहे. त्याला फक्त कुंकू लावलं."

ह्यावेळी बाईंच्या ओठांची कड हलली, असं मला वाटलं. मामा म्हणतात, हलली नाही, नेटवर्क गेलं. बाईंनी सांगितलं, मी एकटी ठरवू शकत नाही, विचारावं लागेल. आणि पडदा काळा झाला.

त्यानंतरचे दिवस मला दिवसांसारखे आठवत नाहीत. मी रोज सकाळी युरोपच्या बातम्या वाचायची. मला राजकारण कळत नाही. बार्शीच्या शाळेत युरोप नकाशात रंगवलेला एवढाच माहीत. पण त्या दिवसांत तिथल्या बैठकांची मला आमच्या सोसायटीच्या बैठकीपेक्षा जास्त माहिती होती. नियम सोपे करणार, लहान आयातदारांना सूट मिळणार, असं येत होतं. मी धावत मामांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "आमचें गिऱ्हाईक लहान काय?" नव्हतं. मोठं होतं. मी परत जागेवर आले.

दुपारी पाळी बदलताना बायका माझ्या खोलीच्या खिडकीजवळ थांबायच्या. त्यांच्यात एक थोराड बाई आहे, सगळ्यांत आधी तीच बोलते. "मॅडम, जर्मनी काय म्हणते?" जर्मनी म्हणजे कुणाची तरी सासू असावी अशा आवाजात. मी म्हणायची, अजून काही नाही. ती म्हणायची, "काही नाही म्हणजे चांगलं. नाही म्हणायचं असतं तर लगेच म्हटलं असतं." मला ते पटत नव्हतं, पण मी मान हलवायची.

उत्तर आलं तेव्हा सकाळ होती आणि मी एकटी होते. आधी शेवटची ओळ वाचली, मग वरून. ह्या कॉइलींचा माल ते घेणार नाहीत. त्या आम्ही इथल्या कामाला वापराव्यात. नव्या, टॅग असलेल्या तारेतून माल करून द्यावा, उशीर चालेल. पण मधल्या काळात त्यांना थांबता येत नाही, म्हणून ह्या ऑर्डरचा काही भाग त्यांनी तुर्कस्तानातल्या एका कारखान्याला दिला आहे. पुढच्या वर्षाचं नंतर पाहू. एका ओळीत त्यांनी लिहिलं होतं की कळवल्याबद्दल आभार. असं कळवणारे फार थोडे असतात.

ती ओळ मी मामांना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी तिसऱ्यांदा वाचू दिली नाही. "आभार ठेव बाजूला. पाळी किती दिवस?"

दुसरी पाळी बंद झाली नाही. एक दिवसाआड झाली. त्या संध्याकाळी मामांनी बायकांना स्वतः सांगितलं, शेडच्या मध्ये उभं राहून, तमिळमध्ये. थोराड बाई नंतर खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही खरं सांगायला लावलंत म्हणे."

"हो."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मी असते तर बांधले असते टॅग," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. मग म्हणाली, "उद्या माझा दिवस नाही. परवा येते." आणि गेली.

बरोबर केलं असं मला वाटतं. पण बरोबर केल्याचा भार माझ्यावर नाही, तिच्यावर पडला. दिवसाआड पडतो.

यंदा आयुध पूजा पुन्हा आली. यंत्रं धुतली, रंग लावला. अण्णा आदल्या दिवसापासून स्टोअरच्या दारात स्टूल टाकून बसले होते आणि हातात फडकं असलेल्या कुणालाही आत सोडत नव्हते. कॉइली चकचकीत, आणि प्रत्येकीला गंजका, काळा टॅग. मामांनी त्या टॅगांनाही कुंकू लावलं, अगदी कोपऱ्यात, क्रमांकाला धक्का न लावता. मी फोटो काढून पाठवले. जर्मनीच्या बाईंचं उत्तर आलं: फोटो मिळाले, क्रमांक वाचता येतात. खाली विचारलं होतं, कोपऱ्यातली लाल खूण कसली?

मी लिहिलं, कुणी टॅग काढू नये म्हणून लावली आहे.

यंदाचं काम अर्धंच मिळालं, आणि पुढच्या वर्षाच्या ऑर्डरचा निर्णय अजून त्यांच्याकडे आहे. तपासणी करणारा माणूस येणार, मीटर बघणार, तारेचे दाखले बघणार, मग ठरणार. मी सगळं तयार ठेवलं आहे आणि तरी पुन्हा पुन्हा चाळते. आज पाळीचा दिवस आहे. आता बायका गेटातून आत येतील. किती आल्या ते मी बघणार नाही असं रोज ठरवते, आणि दुपार झाली की खुर्ची खिडकीकडे वळवते.